वय वर्षं सहा, थेट नगरसभेत!

आज दिवसभर इटलीतल्या पाँपेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरात, उन्हाने भाजून निघालो. फोरम (शहराचा मुख्य चौक), स्नानगृहं, रस्त्यांत रुतलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, सगळं बघितलं. पण डोक्यात बसलंय ते थिएटरच्या मागचं इसिसचं छोटंसं देऊळ. देवी मूळची इजिप्तची.

दारावर लॅटिन शिलालेख आहे (मूळ दगड नेपल्सच्या संग्रहालयात, इथे नक्कल). भूकंपात पडलेलं हे देऊळ न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनसने पायापासून स्वखर्चाने बांधून दिलं, म्हणून नगरसभेने त्याला विनाशुल्क सदस्य करून घेतलं. वय? सहा वर्षं!

पैसा अर्थातच वडिलांचा. ते पूर्वी गुलाम, नंतर मुक्त झालेले. अशा माणसाकडे कितीही पैसा असला तरी नगरसभेत त्याला जागा नव्हती. मुलाला मात्र होती. मग काय, बांधा देऊळ आणि टाका पोराचं नाव! देवळाच्या पायरीवर देणगीदारांच्या फरशा वाचत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

भूकंप इ. स. ६२ चा, व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला ७९ साली. तोवर फोरमवरच्या ज्युपिटरच्या मोठ्या मंदिराची दुरुस्ती रखडलेलीच होती. इसिसचं काम केव्हाच पूर्ण. बाप हुशार होता एवढं खरं.

आवारात एक नक्षीदार खोली आहे, तिच्या पायऱ्या खाली पाण्याकडे उतरतात. ती चुकवू नका. भिंतीवरची चित्रं मात्र इथे शोधू नका, ती नेपल्सला हलवलीत. उद्या तिकडेच.