राजापूरच्या सड्यावरची एक इंगळी

राजापूरला आम्ही तीन दिवस होतो. देवाचे गोठणे येथील कातळशिल्प पाहिले, गंगातीर्थावर जाऊन आलो, फणसाची भाजी यथेच्छ खाल्ली. लिहायचे आहे ते मात्र दुसऱ्या रात्री विंचू शोधण्यात गेलेल्या एका तासाविषयी, आणि तेही थोडे चिडूनच.

मे अखेरचा उकाडा होता. अतिनील बॅटरीच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, म्हणून जेवणानंतर आम्ही आठ जण सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) गेलो. पहिलाच मोठा काळा विंचू दिसताच आमच्या गटप्रमुखांनी त्याच्या पाठीचा एक फोटो काढला आणि थेट जातीसकट शास्त्रीय नाव जाहीर केले. विंचवाच्या पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात. त्यांच्या दातांची संख्या, चिमट्यांवरच्या कणांची ठेवण असे बारकावे पाहिल्याशिवाय जवळच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत, आणि पाठीच्या फोटोत कंगवे दिसतच नाहीत. मी त्याला पारदर्शक डबीत घेऊन खालून भिंग लावले, तर एका बाजूचे दात एकदा 16 भरले, एकदा 17. शेवटी वहीत फक्त प्रजातीचे नाव, ‘डेक्कनोमेट्रस, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले.

यजमानांकडचे आजोबा हे सारे शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, “ही इंगळी. हिचं एवढं काही नाही. तांबडा बारका असतो, त्याच्यापासून जपा.” जाड चिमटे आणि बारीक शेपटीची इंगळी, बारीक चिमटे आणि जाड शेपटीचा लाल विंचू, हा भेद त्यांनी एका वाक्यात सांगितला. ज्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रूढ केला, तो हाच. शास्त्रात तो बुथस होता, मग मेसोबुथस झाला, आता होटेन्टोट्टा आहे. सड्यावर तो तांबडाच राहिला.

गटप्रमुखांवर चिडण्याचा मला फारसा अधिकार नाही. माझ्या जुन्या फोटोंखाली मी वर्षानुवर्षे ‘हेटेरोमेट्रस फिप्सनाय’ असे ठासून लिहीत आलो. त्यातली प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, 2020 मध्ये बदलून डेक्कनोमेट्रस झाली, तो दोष माझा नव्हे. पण ते सगळे फोटोही पाठीचेच आहेत. परतल्यावर त्यांतल्या सात फोटोंवरची नावे खोडली. गटप्रमुखांच्या त्या रात्रीच्या यादीत मात्र सहा जाती आहेत.