मॅमिलारियाची कुंडी बदलताना
आज सकाळी मॅमिलारिया या निवडुंगाची कुंडी बदलायला घेतली आणि बुंध्याशी मऊ, तपकिरी पडलेला भाग बोटाला लागताच काळजात चर्र झाले, कारण निवडुंगाची मुळे बहुधा कोरडेपणाने नव्हे, तर मायेने घातलेल्या जास्तीच्या पाण्याने कुजतात. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने, आतला गर डागविरहित हिरवा दिसेपर्यंत, मी एकेक पातळ चकती कापत गेले. एखादा नारिंगी ठिपका जरी उरला असता, तरी कूज पुन्हा वर चढली असती. आता उरलेला शेंडा ८-१० दिवस सावलीत, कोरड्या जागी ठेवायचा, जखमेवर खपली धरली की भरड वाळूच्या मिश्रणावर नुसता टेकवायचा. मुळे फुटेपर्यंत खोडात साठलेले पाणी त्याला पुरते. माथ्याजवळच्या पांढऱ्या लोकरीतून डोकावणाऱ्या ३ गुलाबी कळ्या अजून टवटवीत आहेत.