ढब्बू आणि चिंगी पॅरिसला जाऊन आले

पॅरिसला निघायच्या आदल्या रात्री भाचीने तिचे दोन जिवलग माझ्या हातात ठेवले, ढब्बू म्हणजे राखाडी कापडी हत्ती आणि चिंगी म्हणजे लोकरीची ससुली, आणि बजावलं की मावशी, यांना सगळं दाखव आणि रोज फोटो पाठव. चिंगीचा एक कान उसवत आलेला, म्हणून ती सॅकच्या वरच्या कप्प्यात, चेन थोडी उघडी ठेवून, बाहेरचं दिसायला हवं ना तिला.

पहिल्याच दिवशी आयफेल टॉवर. ३३० मीटरचा टॉवर आणि वीतभर हत्ती एका फोटोत बसवायचे तर फोन उलटा धरायचा, कॅमेरा कठड्याला टेकेल इतका खाली आणायचा आणि फोकस हत्तीवर, मग मागचा टॉवर बरोबर त्याच्या सोंडेएवढा दिसतो. फोटो गेला तर लगेच भाचीचा प्रश्न, ढब्बू लिफ्टने गेला की जिन्याने? जिन्याने गेलो मग, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या, आणि तिथून सीन नदी बघताना खरंच वाटलं की बरं झालं विचारलं तिने.

लूव्र म्युझियममध्ये मोनालिसासमोर ही गर्दी! चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं, त्यावर काच, पुढे शंभर हात मोबाईल धरून वर. मी चिंगीला वर धरलं, शेजारच्या आजी हसल्या आणि बाजूला सरून त्यांनी मला पुढे घेतलं.

पण मला विचाराल तर लक्झेंबर्ग बाग सगळ्यात भारी. तिथल्या मोठ्या अष्टकोनी तळ्यावर शिडाच्या लाकडी होड्या भाड्याने मिळतात, मोटर नाही, रिमोट नाही, पोरं लांब काठीने होडी ढकलतात आणि मग वारा नेईल तिकडे काठाकाठाने तिच्यामागे पळतात. ढब्बूला काठावर बसवलं होतं. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा आला, ढब्बूला नीट निरखलं, 'बोंजूर' म्हणाला आणि आपली काठी त्याच्या सोंडेला टेकवून उभा राहिला, जणू आता तुझी पाळी. मी फोटो काढलाच नाही, नुसती बघत राहिले. तासभर तिथेच होतो, पुढचं म्युझियम राहिलं आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

रात्री टॉवर लखलखला, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लागतात ते दिवे, तो व्हिडिओ भाचीने झोपेतून उठून पाहिला म्हणे.

घरी आल्यावर तिने आधी चिंगीचा कान तपासला, मग होड्यांची गोष्ट तीनदा सांगायला लावली. आता टबमध्ये कागदी होडी, काठी म्हणून माझी फूटपट्टी, आणि ढब्बू टबाच्या काठावर.