लेबलाखालची हिरवी पट्टी

सकाळी वाढकक्षाचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रोपं वाढवायच्या खोलीचं, दार उघडलं आणि काळजात धस्स झालं. छत्तीस कुंड्यांचा ट्रे नेहमीच्या मंद प्रकाशातून हलून वरच्या प्रखर दिव्यांखाली गेला होता. दमटपणामुळे गोंद सुटून सगळी लेबलं गळून पडली होती. दिवे लागून तास झाला होता. रोपं अरॅबिडॉप्सिसची, म्हणजे प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या वनस्पतीची, पाच आठवड्यांची, तीन प्रकारची. आणि दिसायला सगळी एकसारखी.

एक लेबल एका पानावर आडवं पडलं होतं. ते उचललं तर खाली गडद हिरवी पट्टी, आणि आजूबाजूचं पान फिकं. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. उजेड फार झाला की पेशीतली हरितलवकं पृष्ठभागावरून सरकून बाजूच्या भिंतींना चिकटतात, एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. लेबलाच्या सावलीत मात्र ती जागच्या जागी पसरलेली होती. निळा प्रकाश ओळखणारं फोटोट्रॉपिन-२ हे प्रथिन त्यांना ही हालचाल करायला लावतं. त्या पानाच्या देठाला मी दोरा बांधून ठेवला.

आता ओळख पटवायची कशी? तीनपैकी एक प्रकार साधा, बाकीचे दोन म्युटंट, म्हणजे एकेक जनुक बिघडलेले. दुसरा एनपीक्यू-४ : याच्यात पीएसबीएस हे प्रथिन नाही. तिसरा एनपीक्यू-१ : व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिन हे दुसरं रंगद्रव्य करणारं विकर याच्याकडे नाही. भर उन्हात दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. पानाला एवढे वापरता येत नाहीत, आणि हरितद्रव्यात अडकून राहिलेली ऊर्जा ऑक्सिजनला भलत्याच विध्वंसक रूपात ढकलते. म्हणून थायलकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या, आतली आम्लता वाढली, की पीएसबीएसला ती जाणवते, झियाझँथिन तयार होऊ लागतं, आणि जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हे सगळं मिनिटांत सुरू होतं. मला ही व्यवस्था प्रकाशसंश्लेषणाइतकीच मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळही मिळत नाही याचं वाईट वाटतं.

रोपं दुपारपर्यंत मंद उजेडात सावरू दिली, मग अर्धा तास अंधारात ठेवून प्रतिदीप्ती, म्हणजे हरितद्रव्य परत फेकतं तो मंद लाल उजेड, मोजणाऱ्या कॅमेऱ्याखाली घेतली. प्रकाश वापरण्याची क्षमता दाखवणारं अंधारातलं मोजमाप सगळ्यांचंच ०.८ च्या आसपास, म्हणजे सगळी निरोगी. त्यावरून काहीच कळेना. फरक दिसायचा तर त्यांना पुन्हा जास्त उजेड द्यायलाच हवा होता. सकाळी त्यांनी एवढं सोसलेलं, त्यामुळे हात जरा अडखळला, पण पाचच मिनिटं दिला.

पडद्यावर बारा रोपं भराभर काळवंडली. प्रतिदीप्ती विझली, म्हणजे ऊर्जा उष्णतेच्या वाटेनं जात होती. उरलेली चोवीस तशीच उजळ. दिवा बंद केल्यावर ती बाराही काही मिनिटांत पुन्हा उजळू लागली. साधी रोपं सापडली!

चोवीस उरली. दोन्ही म्युटंट कॅमेऱ्याला जवळपास सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येकाच्या पानाची छोटी चकती काढली, अर्धा तास प्रखर उजेडात ठेवली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली आणि रंगद्रव्यं एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, वेगळी केली. रात्री उशिरा आलेख आले. बारा नमुन्यांत झियाझँथिनचं शिखर स्पष्ट, म्हणजे ती एनपीक्यू-४; बारांत नाहीच, म्हणजे ती एनपीक्यू-१. तिथं सगळं व्हायोलाझँथिन तसंच पडून.

नवी लेबलं या वेळी पेन्सिलीनं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर लिहून मातीत खोचली. शेवटी दोरा बांधलेलं पान शोधलं. पट्टी केव्हाच मिटली होती, हरितलवकं परत पसरली होती. आणि ते रोप निघालं एनपीक्यू-४. उष्णतेची झटपट वाट ज्याच्याकडे नव्हती, त्याचीही हरितलवकं सकाळी वेळेवर कडेला झाली होती.