नाव कळेपर्यंत

वॉर्डातून रुग्णाच्या जखमेतला मांसाचा तुकडा आला तो फॉर्मॅलिनमध्ये. आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधला हा नेहमीचा संताप. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून पाहणं, कशाचं लावायचं? दुसरा तुकडा सलाईनमध्ये मागवला.

रुग्ण ऊसतोड कामगार. ट्रॉलीवरून पडून मांडी फाटली, जखमेत माती गेली. गावाकडे टाके घातले, अँटिबायोटिक चालू होतं, तरी काळी पडलेली कातडी वर सरकत होती. शुगर नाही, करोना नाही, म्हणून बुरशीची शंका कोणाला आली नाही. २०२१ पासून म्युकर, म्हणजे 'काळी बुरशी', म्हटलं की डॉक्टरांनाही नाक, डोळा आणि मधुमेहच आठवतो.

असा तुकडा कधी कुटायचा नाही. म्युकर गटातल्या बुरशीच्या तंतूंना आतून आडपडदे जवळपास नसतात, चिरडले की संपले. ब्लेडने बारीक कापला, मांस विरघळवून बुरशी उघडी पाडणारं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घातलं. मायक्रोस्कोपखाली रुंद, फितीसारखे तंतू, काटकोनात फुटलेले. रिपोर्ट टाईप करत न बसता सर्जनना फोन केला. त्याच संध्याकाळी पुन्हा ऑपरेशन, अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू.

बुरशी वाढवायच्या सॅबुरो अगारवर पांढरी वाढ भराभर झाकणाला टेकली, पण जिच्यावरून नाव ओळखायचं ती बीजाणूंची रचना कुठेच नाही. इथेच 'म्युकर गटातील बुरशी' लिहून मोकळं होणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. पाध्ये आणि अजेलो यांची १९८८ची पद्धत वापरली: बुरशीसकट अगारचा छोटा चौकोन कापायचा, किंचित यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेल्या निर्जंतुक पाण्यात सोडायचा, ३७ अंशांना ठेवायचा. अन्न तुटलं की ती बीजाणू धरते. आठवडा उलटल्यावर दिसलं: नासपतीच्या आकाराची बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी), खाली घंटेसारखा फुगवटा. अपोफिसोमायसिस, म्युकर गटातलाच एक वंश! डीएनए सिक्वेन्सिंगमध्ये जात ठरली, व्हेरिअबिलिस.

हा वंश १९७९ साली पहिल्यांदा नोंदवला गेला तो भारतातल्याच आंब्याच्या बागेतल्या मातीतून. २०११मध्ये अमेरिकेत जॉप्लिनच्या टोर्नेडोत जखमी झालेल्या १३ जणांना याच वंशातल्या बुरशीने गाठलं, ५ दगावले. धडधाकट माणसाला ती अशीच मातीच्या जखमेतून शिरते.

तोवर पाय मांडीपासून काढावा लागला होता. जीव वाचला. सर्जन म्हणाले, "नावाने उपचार कुठे बदलले?" या रुग्णाचे नाही बदलले, खरंय. पण टाके घालणाऱ्या दवाखान्याला मी रिपोर्टची प्रत पाठवली आहे. सोबत लिहिलंय: मातीची जखम काळी पडायला लागली तर थांबू नका, तुकडा सलाईनमध्ये पाठवा. उत्तर अजून आलेलं नाही.