आमची वाटचाल: नकाशामागचा तक्ता

आमची फर्म सातारा जिल्ह्यात नकाशांचं काम करते. सुरुवात मोजणीपासून झाली. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) लावायचं, प्लॉट, रस्ते, पाइपलाइनी मोजायच्या आणि ड्रॉइंग काढून द्यायचं. पुढे एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागाने ऊसनोंदीचे प्लॉट जीपीएसने मोजून नकाशावर मांडायला सांगितले आणि धंद्याची दिशाच बदलली. पहिल्याच बैठकीत शेतकी अधिकारी म्हणाले, "नकाशा भिंतीवर लावूच हो. पण मला आधी सांगा, कुठल्या गावात आडसाली लागण किती उभी आहे, आणि कुठल्या जातीची?"

या प्रश्नाचं उत्तर नकाशामागच्या तक्त्यात असतं, ज्याला आम्ही अ‍ॅट्रिब्यूट टेबल म्हणतो. प्रत्येक प्लॉटची एक ओळ: शेतकऱ्याचा कोड, गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, हंगाम. तोडणीचा कार्यक्रम या ओळींवर बसतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि १६ ते १८ महिन्यांनी तुटतो; 'सुरू' हंगामाचा ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागून साधारण १२ महिन्यांत तयार होतो. यादी काढताना गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, एखादी ओळ निसटली तर कुणाचा तरी पक्व ऊस रानात उभा राहतो, त्याला तुरा येतो, वजन घटतं. वर्षभराची कमाई त्या एका ओळीत असते, म्हणून तक्ता साफ असल्याशिवाय आम्ही नकाशाला रंग देत नाही.

नकाशे आणि त्यामागचे तक्ते हाताळायला आमचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आमच्यासारख्या छोट्या फर्मला लायसन्सच्या खर्चाशिवाय उभं राहू देतो, याचं मोल आम्हाला रोज कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. मराठीतला डेटा फिल्टर करणं हे वेगळंच शास्त्र आहे. 'कऱ्हाड' हेच घ्या. कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाईप करतं, तर कुणी साध्या 'र'चा पाय मोडून मागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे तालुके. त्यात कुणी 'कराड' लिहिलेलं, कुणी नावामागे एक रिकामी जागा सोडलेली. फिल्टर लावला की यातले एकाच प्रकारचे प्लॉट दिसणार आणि बाकीचे गुपचूप गायब. एरर येत नाही, हेच सगळ्यात वाईट. म्हणून नवीन डेटा आला की आमच्याकडे सर्वांत आधी प्रत्येक रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी काढली जाते. 'को ८६०३२' ही एकच जात 'को-८६०३२', '८६०३२', '८६-०३२' अशा रूपांत भेटते. यादी समोर आली की सगळं लख्ख दिसतं, मग एक रूप ठरवून बाकीची त्यात बदलायची.

गट नंबराची तऱ्हा आणखी वेगळी. '५/२' हा पोटहिस्सा एक्सेलमध्ये उघडला की तो ५ फेब्रुवारी होतो. फाइल तशीच सेव्ह झाली की मूळ नंबर गेला, आणि सातबाराशी जोडणी तुटली. त्यामुळे गट नंबरचा रकाना आम्ही कायम मजकूर म्हणूनच ठेवतो. देवनागरी '५' आणि इंग्रजी आकड्यातला पाच हेही सॉफ्टवेअरला वेगळे, तेव्हा आकडे एकाच लिपीत आणतो. क्षेत्राचं उलट. सातबारावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं दोन टिंबं देऊन लिहितात: ०.४०.५०. याला सॉफ्टवेअर संख्या मानत नाही. मजकूर म्हणून क्रम लावला तर १० हेक्टर २ हेक्टरच्या आधी येतात. मग तुकडे करून ०.४०५ हेक्टर असा खरा संख्येचा रकाना करायचा, शेजारी नकाशावरून मोजलेलं क्षेत्र ठेवायचं आणि दोन्हींत मोठा फरक असलेले प्लॉट बाजूला काढायचे. या एका फिल्टरमधून शेतकी विभागाला फेरमोजणीची यादी आयती मिळते.

शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकाराने मराठीत बरीच अडचण केली. रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा, आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे धड 'शेतकरी' हे नावसुद्धा मावत नाही. २०१८ मध्ये क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती आली, त्यात जिओपॅकेज हा फाइलचा मुख्य प्रकार झाला आणि आम्ही सगळं काम तिकडे हलवलं. एकच फाइल, लांब नावं, मराठी शाबूत.

नव्या मुलांना आम्ही फिल्टरचे तीन प्रकार पहिल्याच आठवड्यात हाताने करायला लावतो. तक्त्यातला फिल्टर फक्त तक्त्यातल्या ओळी लपवतो. एक्स्प्रेशनने, म्हणजे लिहून दिलेल्या अटीने, केलेली निवड प्लॉट पिवळे करते, बाकीचे जागेवरच असतात. लेयरवर (नकाशाच्या थरावर) लावलेला फिल्टर मात्र उरलेले प्लॉट बेरजेतून आणि एक्स्पोर्टमधूनही काढून टाकतो. लेयरच्या नावाशेजारी नरसाळ्याची खूण दिसते, आणि ती पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी एकूण क्षेत्राचा आकडा सांगत नाही. रिकाम्या तारखांचंही तसंच. 'लागण तारीख अमुकच्या आधी' अशी अट घातली की तारीख न भरलेले प्लॉट आपोआप गळतात. ते 'इज नल' (रकाना रिकामा आहे) ही अट लावून वेगळे काढावे लागतात. तो शेतकरी यादीबाहेर राहू नये, याची जबाबदारी आम्ही आमची मानतो.

आता नोंद शेतातच मोबाइलवर होते. चिटबॉयला (उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याला) गाव, जात, हंगाम टाईप करावं लागत नाही, ठरलेल्या यादीतून निवडायचं. लागण तारीख भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. शेतकरी नावाने नव्हे, कोडने जोडला जातो, कारण एकाच गावात एकाच नावाचे चार जण सहज निघतात.

काम सोपवताना जिओपॅकेजबरोबर रकान्यांची मराठी माहिती आणि नेहमी लागणारे फिल्टर लिहून देतो, म्हणजे कारखान्याच्या गट ऑफिसमधला क्लार्क आम्हाला फोन न करता स्वतःच यादी काढू शकतो. पाऊस लागला की आडसालीच्या नोंदी सुरू होतील; त्याआधी यंदा पाणीपुरवठ्याच्या विहिरी आणि उपसा योजनांचे रकाने त्याच तक्त्याला जोडायचं काम हाती घेतलं आहे.