थंडीच्या ट्रेकचे कपडे: सरसकट एक साइज मोठा घेऊ नका

डिसेंबर जवळ आला की पुण्यात प्रत्येक सोसायटीतलं कोणीतरी उत्तराखंडात केदारकांठा नाहीतर हर की दूनच्या ट्रेकला निघालेलं असतं आणि मग मला मेसेज यायला लागतात, जॅकेट एम घेऊ का एल? आता हे असं एका अक्षरात सांगता येत नाही हो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आपल्याकडे "वाढत्या अंगाचं घे" हे फार मुरलेलं आहे. शाळेचा युनिफॉर्म तसा, रेनकोट तसा, आणि मग मोठं झाल्यावरही हात आपोआप एक साइज वरच्या हँगरकडे जातो. परवा भाचीच्या ट्रेकची खरेदी करायला गेलो होतो, ताईपण होती, आणि थर्मल असो, ग्लोव्हज असो, ताईचं एकच, "एक साइज मोठंच घे गं, आत काहीतरी घालता येईल." मी म्हटलं ताई, थर्मलच्या आत काय घालणार ती?

म्हणजे बघा, प्रत्येक थराचं काम वेगळं आहे, त्यामुळे मापही वेगळं. थर्मल अंगालगत बसलंच पाहिजे, कारण त्याने घाम ओढून बाहेर टाकायचा असतो, आणि ते सैल लोंबत असेल तर घाम अंगावरच राहतो आणि चढ संपवून पाच मिनिटं थांबलात की हुडहुडी भरते. फक्त काखेत किंवा कमरेला रुतायला नको. त्यावरचं फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं जॅकेट, किंचित मोकळं. आणि डाउन, म्हणजे पिसं भरलेल्या, जॅकेटचं तर खास लक्षात ठेवा, जॅकेट स्वतः गरम नसतं, ऊब आपल्या अंगाची असते आणि पिसांत अडकलेली हवा ती धरून ठेवते. जॅकेट घट्ट झालं की पिसं दाबली जातात, हवा कमी होते, ऊब गेली. उलट ढगळ घेतलं तर खालून आणि गळ्यातून गार वारा आत शिरत राहतो. सगळ्यात वरचं वाऱ्यापावसाचं जॅकेट मात्र आतले सगळे थर चढवून बसलं पाहिजे, तिथे ताईचं म्हणणं थोडंफार लागू पडतं, पण तिथेही आधी आपलाच साइज सगळं घालून बघायचा, कारण बऱ्याच कंपन्या ती जागा कटिंगमध्येच धरतात. हात नीट हलत नसतील तरच वरचा साइज.

आता साइज चार्ट. त्यातले आकडे बहुतेक वेळा तुमच्या अंगाचे असतात, कपड्याचे नसतात! हे इतक्या जणांना सांगावं लागतं. लोक घरचं जुनं जॅकेट जमिनीवर पसरून मोजतात, ते येतं ४४ इंच, मग चार्टमध्ये ४४ शोधतात आणि थेट एक्सएल नाहीतर डबल एक्सएल मागवतात, छाती समजा ३८ असताना. शिलाईच्या डब्यातला टेप घ्या, पातळ बनियनवर मोजा, दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा. छाती काखेखालून, सगळ्यात भरलेल्या भागावरून. कंबर टेपने मोजायची, जीन्सवर ३२ लिहिलंय म्हणून ३२ धरायची नाही. आणि टेलर ज्याला सीट म्हणतात ते, म्हणजे नितंबांचं, माप बायकांनी तर सोडूच नका. "पुरुषांचा स्मॉल घे, स्वस्त पडतो" हा सल्ला मला अजिबात पटत नाही, खांद्याला लोंबतो आणि सीटवर चेन लागत नाही, बसलं की जॅकेट वर सरकतं. कंपनी बदलली की चार्ट परत बघायचा, एकीचा एम दुसरीचा एल असू शकतो.

ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. डोंगरात आपण ताठ उभे असतो का? दोन्ही हात वर करा, पाठ उघडी पडते का, बाही मनगटाच्या वर जाते का बघा. स्वतःलाच मिठी मारा, पाठीत ताण येतो का. हूड घालून मान वळवा, हूड जागीच राहून डोळ्यासमोर कापड आलं तर ते जॅकेट नको. पँट घालून पूर्ण उकिडवं बसा, मग गुडघा छातीपर्यंत उचला, कारण राजगडला गुंजवण्याच्या वाटेने चढताना पाय असाच उचलावा लागतो. पँट खाली लांब असेल तर उतरताना बुटाखाली येते, ती कोपऱ्यावरच्या टेलरकडून आखूड करून घ्या, पण वॉटरप्रूफ जॅकेटला सुई लावू देऊ नका, प्रत्येक भोकातून पाणी येतं. शिवणीवर आतून टेप लावलेली असते ती त्यासाठीच.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकचेच मोजे घालून बघा आणि दुकानात उतार असेल तर उतरून बघा, बोटं पुढे आपटली तर सिंहगड उतरतानाच नखं काळी होतील. नंबरचंही एक आहे, यूकेचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर आणि युरोपचा साडेसहाच्या जरा वर, त्यामुळे ही दोन्ही मापं नेमकी जुळत नाहीत, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून त्यावरून बघितलेलं बरं. बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. ग्लोव्हजचंही तेच, मूठ सहज वळली पाहिजे.

ऑनलाइन मागवणार असाल तर जायच्या निदान महिनाभर आधी मागवा, टॅग न काढता घरात सगळे थर एकावर एक घालून, पाठीवर भरलेली सॅक लावून जिने चढा-उतरा. नोव्हेंबरच्या पुण्यात घामाघूम व्हाल पण काखेत काचतंय का, सॅकच्या कमरपट्ट्याखाली जॅकेटचा खिसा जातोय का, हे तेव्हाच कळतं, आणि बदलून घ्यायला वेळही हातात असतो.